ऐकणार कोण?

वकीलबाईंनी टोपण न काढताच पेन सचिवांच्या टेबलावर ठेवलं.

"मी या अपिलावर सही करणार नाही."

सचिव हसले. त्यांना वाटलं, बाई अजून निकालावर रुसल्या आहेत. परदेशी काचेवर सरकारने वाढवलेला कर नियमात बसत नाही, असं आंतरराष्ट्रीय व्यापार लवादाने ठरवलं होतं. सरकारची बाजू मांडून हरल्या होत्या त्या याच बाई.

"अहो, अपील केलं की निकाल लटकला. वरच्या पीठावर एकही न्यायाधीश उरलेला नाही, नव्या नेमणुका कोणी होऊ देत नाही. सुनावणीच नाही म्हटल्यावर कर चालूच राहणार."

"गेल्या वर्षी दुसऱ्या एका खटल्यात हरलेल्या देशाने आपल्याविरुद्ध हेच केलं, तेव्हा भर सभेत मी त्याला पळपुटेपणा म्हटलं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या."

"तेव्हा आपण जिंकलो होतो."

"म्हणून तेव्हा बोलणं सोपं होतं."

सचिवांनी मग ठेवणीतला बाण काढला. बाहेर बसवून ठेवलेल्या काच कारखानदाराला त्यांनी आत बोलावलं. तो बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. कर उठला तर त्याची भट्टी विझणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

भाऊ बसला नाही.

"ताई, मागच्या वेळी आमचं म्हणणं नीट पोचलंच नाही. या वेळी मी स्वतः येतो तुझ्याबरोबर. त्यांच्यासमोर उभा राहून सांगतो."

"कोणासमोर?"

"म्हणजे? न्यायाधीशांसमोर."

सचिव खिडकीबाहेर पाहू लागले.

"तिथे कोणी नाही रे," बाई म्हणाल्या. "खुर्च्या रिकाम्या आहेत. साहेबांना विचार."

भाऊ सचिवांकडे वळला. "मग अपील ऐकणार कोण?"

"कोणीच नाही, हीच तर त्यातली मेख आहे. तुमची भट्टी चालू राहील. आणखी काय हवं?"

इस्त्रीच्या शर्टाची बाही भाऊ उगाच नीट करत राहिला.

सचिवांनी शेजारच्या खोलीतल्या वकिलाला बोलावलं. त्याने उभ्याउभ्याच सही ठोकली. या प्रकरणातून आपल्याला मोकळं केल्याचं बाईंना तिथेच सांगण्यात आलं. "बरं," म्हणून त्यांनी पर्स उचलली.

भावाने त्यांना जिन्यात गाठलं.

"भट्टी वाचली ती तुझ्यामुळे नाही. तुझा ताठा माझ्या पोटापेक्षा मोठा झाला. मी हे विसरणार नाही."

"विसरू नकोस."

एक मजला दोघं उतरली. वळणावर त्याने कठडा धरला.

"काल रात्रभर पाठ करत होतो गं. त्यांना काय काय सांगायचं ते."

बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि माणसांच्या वर्दळीतच त्या पायरीवर बसल्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग."