ज्वालामुखीच्या पायथ्याशी कशाला राहायचं?

माझ्या लेकीला, आश्लेषाला, जगात दुसरा विषय मिळाला नाही. जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी माणसं का राहतात, यावर ती पीएचडी करतेय. इथल्याच नॉलेज सिटीत, तिच्या संस्थेच्या एसी खोलीत बसून करत होती तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "आई, इंडोनेशियाला जायचंय. आठ महिने. तिथल्याच एका घरात राहायचंय." गाव डोंगराच्या तोंडापासून सहा किलोमीटरवर. दोन वर्षांपूर्वी निम्मं गाव राखेखाली गेलं होतं, आणि माणसं परत तिथंच घरं बांधून बसलीत.

"अगं, हे विकतचं दुखणं कशाला? डोंगराचे फोटो बघ की इथूनच," मी म्हटलं.

तिनं फॉर्म पुढे सरकवला. धोक्याच्या जागी जायचं तर आईवडील दोघांची सही लागते म्हणे. हे हवाई दलातून निवृत्त झालेले. असल्या कागदांवर सह्या करण्यात यांचा जन्म गेला. सही करून मोकळे, आणि गेले फिरायला. उरली माझी. फॉर्म सोमवारी द्यायचा होता. मी सांगून टाकलं, जीव गेला तरी करणार नाही.

भांडली नाही पोरगी. लॅपटॉप उघडून म्हणाली, "नको करूस. पण माझी प्रश्नावली तरी तपासून दे, यार. गावात समोर बसून विचारायच्या आधी घरच्या माणसाला विचारून बघतात, प्रश्न नीट कळतात का ते. तुझ्या घराजवळ धोक्याचं काय आहे ते धर आणि उत्तरं दे."

आमचं घर एयरोसिटीत, हवाई दलाच्या धावपट्टीला लागून. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं, खिडकीच्या काचा थरथरल्या. "हे धर," मी वर बोट करून म्हटलं. मनात म्हटलं, हिच्याच प्रश्नांनी हिला गप्प करते.

किती वर्षं राहता? पाच, हे निवृत्त झाल्यापासून. भीती वाटते का? सवय झाली. चौथा प्रश्न, इथं का राहता?

"कँटीन जवळ, मिलिटरी हॉस्पिटल जवळ, रस्ते रुंद. भाजी बघ कशी ताजी मिळते."

ती हसली. "तिकडेही पहिलं उत्तर असंच येतं. माती चांगली आहे, राखेनं पीक जोमात येतं. आणि ते खोटं नसतं हं, आई."

"मग झालं तर! लिही तसं."

ती भराभर वाचत होती, मी भराभर सांगत होते. अकरावा प्रश्नही तिनं त्याच झपाट्यात वाचला. "या धोक्यामुळे तुमच्या घरातलं कुणी दगावलं आहे का?"

स्वतःच लिहिलेला प्रश्न, स्वतःच्या आईला विचारून बसली. शिकलेली माणसं, पण एवढं सुचू नये? विराज, माझा थोरला, वायुसेनेत पायलट होता. सहा वर्षांपूर्वी याच धावपट्टीवरून उडाला. डोंगरात ढग उतरले आणि विमान परत आलं नाही.

"सॉरी, आई. हा सोडून देऊ."

"का सोडायचा? विचारलास ना? लिही. एक. मुलगा. वय सत्तावीस."

तिची बोटं चालेनात. मला राग आला, तिचा नाही, कुणाचा कोण जाणे. "पुढचा वाच," मी ओरडलेच.

दुसरीकडे जायची सोय होती का? होती. साताऱ्यात दिरांनी प्लॉट धरून ठेवला होता. तिथं गेला नाहीत, यावर नातेवाईक काय म्हणाले? वेडी झालीय म्हणाले, दुसरं काय म्हणणार! सतरावा प्रश्न, तुम्ही इथंच का राहता?

"हा झाला की मघाशी."

"मुद्दाम दोनदा विचारतात," ती हळू आवाजात म्हणाली.

कँटीन म्हणायला मी तोंड उघडलं, आणि निघालं भलतंच. "त्याला इथंच उतरायचं होतं," मी म्हटलं. "तो येणार नाही हे मला कळतं गं, मी काही खुळी नाही. पण उतरायचं होतं ते इथंच. मी साताऱ्यात जाऊन बसले आणि... नाही जमत मला. विमान उतरलं की बरं वाटतं. कुणाचा का असेना, पोरगा आला."

आश्लेषानं डोळे पुसले, एकही अक्षर न गाळता लिहून घेतलं. मग शेवटचा प्रश्न वाचला. "तुमच्या मुलांनीही इथंच राहावं असं तुम्हाला वाटतं का? होय, नाही, सांगता येत नाही."

"नाही!" मी टेबलावर हात आपटला. "नाही लिही. तू एकटी उरलीयेस मला. तुझ्या त्या डोंगरावरच्या बायकांनाही विचार, कुठलीच आई होय म्हणणार नाही."

"विचारलंय, आई. फोनवरून पहिली फेरी झाली. चाळीस आया होत्या. चाळीसच्या चाळीस जणी नाहीच म्हणाल्या."

"मग?"

"मुलं तिथंच आहेत."

मी फॉर्म ओढला, विराज हवाई दलात जाताना केली होती तशीच सही केली, पूर्ण नावानं, आणि तिला म्हटलं, ऊठ आता माझ्या समोरून.