भोपळीचे बाळंतपण

"एकटेपणा हाच प्रत्येक जिवाचा खरा रोग, बाकी सगळी नुसती लक्षणं!" लिफ्टवाल्यांनी जाहीर केले. श्रोते दोनच होते. त्यांपैकी बायकोने "पाय वर घ्या, फरशी पुसतेय," एवढाच अभिप्राय दिला. दुसरी श्रोती पिंजऱ्यात होती. तिने वक्त्याकडे पाठ फिरवून काकडी कुरतडायला घेतली.

ही भोपळी, लिफ्टवाल्यांच्या मुलीची गिनीपिग. लग्नानंतर मुलीच्या घरमालकाला प्राणी चालेना, म्हणून भोपळी माहेरीच राहिली. रविवारी मुलगी तिला भेटायला यायची. "बाबा, कसे आहात?" हेही ती पिंजऱ्यात तोंड घालूनच विचारायची आणि बाबा पिंजऱ्याकडे बघूनच उत्तर द्यायचे. लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीत अडकलेल्या लिफ्टची दारे उघडता उघडता त्यांचे गुडघे कामातून गेले होते. पण रविवारी बेल वाजली की आधी तेच उठत.

हल्ली मात्र रविवार गळू लागले होते. कधी पाहुणे, कधी सर्दी. लिफ्टवाल्यांनी विचार केला, एकट्या भोपळीसाठी पोर अधूनमधून येते. पिल्ले झाली तर मुक्कामालाच येईल.

"प्राण्यांच्या दुकानातून भोपळीसाठी नर आणतोय," ते बायकोला म्हणाले. "महिनाभरासाठी. उसना."

"उसना नवरा?" बायकोने फडके पिळले. "परत करायची सोय असते, हे मला नाही कुणी सांगितलं!"

नर आला, पाहुणचार झोडून परत गेला. भोपळी टम्म फुगली. लिफ्टवाल्यांनी फोन लावला. "आजी होणार तू!"

मुलगी म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना विचारलं होतं ना?"

"त्यात काय विचारायचं? उंदराची जात ती. त्यांना कोण शिकवतं?"

आणि एका सकाळी भोपळी अंग फुलवून कोपऱ्यात बसली. कळा देत होती, पण होत काहीच नव्हते. काकडी नाकाशी धरली तरी तिने हुंगली नाही. लिफ्टवाल्यांनी तिला प्राण्यांच्या दवाखान्यात नेले. मुलगी ऑफिस टाकून परस्पर तिथे पोचली.

"पहिलंच का हे?" डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडापुढे धरला. "वय काय हिचं?"

"दोन वर्षं," मुलगी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "काका, यांचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही, तर कमरेची पुढची हाडं जुळून घट्ट होतात. मग वाट उघडतच नाही. त्यात पिल्लं ही एवढी मोठी. केस, दात, उघडे डोळे, सगळं सामान घेऊनच येतात. वेळेत झालं तरी कितीतरी माद्या यात जातात. म्हणून तर घरी पिल्लं काढू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो."

"दार जाम," लिफ्टवाले पुटपुटले.

"तसंच. पोट उघडून पिल्लं काढते. पण भरवसा देत नाही."

लिफ्टवाले बाहेर बाकावर टेकले. लिफ्टमध्ये माणसे अडकली की ते आधी फटीला तोंड लावून ओरडत, मग पाना काढत. आता ते उठले, ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गेले आणि फटीतून हळूच म्हणाले, "घाबरू नको गं. मी आहे बाहेर."

आतून कंपाउंडरने दार नीट लावून घेतले.

तिन्ही पिल्ले मेलेलीच निघाली. भोपळी शुद्धीवर आली नाही.

घरी आल्यावर मुलगी मोरीत पिंजरा घासायला बसली.

"का केलंत बाबा हे?"

रस्ताभर लिफ्टवाल्यांनी भाषण जुळवत आणले होते. जन्म, मरण, माया, माणसाचा आपमतलबीपणा, सगळे होते त्यात. त्यांनी घसा साफ केला. "हे बघ, माणूस जेव्हा..."

मुलीने पिंजरा पुसला. "नेते मी हा. तुम्हाला रोज डोळ्यांसमोर नको."

लिफ्टवाले गुडघ्यांवर हात दाबत खाली बसले. पिंजऱ्याचे दार त्यांनी उघडले, लावले, पुन्हा उघडले.

"आज नको नेऊस," ते म्हणाले. "बिजागरी कुरकुरतेय. तेल घालून ठेवतो. रविवारी ये आणि ने."