बारा व्हॉल्व्ह आणि एक रॉकेट

कारखान्यात त्यांना सगळे नापासराव म्हणत. म्हणत पाठीमागेच, पण इतकी वर्षं म्हणत आले की निरोपसमारंभात खुद्द मोठ्या साहेबांच्या तोंडून तेच निघून गेलं. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू तपासल्या आणि त्यातल्या जमतील तेवढ्या परत पाठवल्या. स्वतः मात्र कधी साधी खुंटी ठोकली नाही. घरातली खुंटी बायकोने ठोकली. ती दोन मिलिमीटर डावीकडे गेली आहे, एवढं सांगण्याचं काम त्यांनी केलं.

दैवालाही चेष्टा सुचते ती अशी, की त्यांची एकुलती एक मुलगी नेमकी एका फिटरच्या मुलाच्या प्रेमात पडली. हा तोच फिटर, ज्याचे बारा व्हॉल्व्ह वीस वर्षांपूर्वी नापासरावांनी एकाच दुपारी नापास केले होते. ते व्हॉल्व्ह गळत होते. त्यांच्याबरोबर फिटरचं ठरलेलं फोरमनपदही गळालं. "साहेब, उघडून तर बघा, आत काहीतरी अडकलंय," असं तो तेव्हा कळवळून सांगत होता. "गळतो तो गळतो," असं म्हणून नापासरावांनी सगळे भट्टीत पाठवले. आता तोच फिटर व्याही झाला होता, आणि सणसमारंभ असो की नुसता चहा, ते बारा व्हॉल्व्ह विषयात आल्याशिवाय राहत नसत.

त्या रविवारी कडेलोट झाला. व्याहींनी सुनेसाठी स्वतः स्टूल करून आणलं होतं. नापासरावांनी त्यावर पट्टी ठेवली, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "डुगडुगतंय."

"तुमची फरशी डुगडुगतेय!" व्याही कडाडले. "व्याहीबुवा, जन्मभर नावं ठेवलीत. आता एक वस्तू स्वतःच्या हाताने करून दाखवा. तपासणार मी. पास झाली तर त्या बारांचं नाव मरेपर्यंत काढणार नाही. नापास झाली तर कागदावर कारण तुम्ही लिहायचं. आणि खरं लिहायचं."

बारांपासून कायमची सुटका! नापासरावांना मोह आवरला नाही. "रॉकेट करतो," ते म्हणाले. बाजारातल्या छंदाच्या वस्तूंच्या दुकानात त्यांनी ते नुकतंच पाहिलं होतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. "तेही दोन टप्प्यांचं. एका टप्प्याचं तर शाळेतली पोरंही उडवतात."

मग तीन महिने जेवणाच्या टेबलावर जेवण झालं नाही. कापडाच्या ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या आल्या, हलक्या लाकडाचे पंख आले. फटाक्याच्या दारूच्या दोन छोट्या तयार मोटरी दुकानातून आल्या. बेत साधा होता. खालची मोटर जळून संपताना तिची आग वरच्या मोटरीच्या तोंडात शिरणार, वरची पेटणार, खालची नळी गळून पडणार आणि वरची आभाळात जाणार. शेवटी छत्री उघडून ती अलगद खाली येणार. ही छत्री बायकोने जुन्या रेनकोटमधून शिवली. एक टाका वाकडा म्हणून ती तिच्याकडे परत आली.

"आता शिवणार नाही," बायको म्हणाली. "वाकड्या टाक्याने उघडायची तर उघडेल."

स्वतःच्या कामातही त्यांनी दयामाया दाखवली नाही. अकरा पंख नापास केले, बारावा कसाबसा पास झाला. जो भाग पास होई, त्यावर चांदीच्या वर्खाचं गोल लेबल बसे: "तपासले", खाली सही. निवृत्त होताना त्यांनी या लेबलांचा एक अख्खा गुंडाळा घरी आणला होता. त्यांनीच घालून दिलेली कारखान्याची रीत अशी, की लेबल थेट भागाच्या तोंडावर लावायचं. जोडणाऱ्याने ते सोलायचं आणि मगच जोडायचं. म्हणजे न तपासलेला माल कुठे घुसत नाही. घरात मिक्सर, शिडी, बादली सगळ्यांना ती लागली होती.

"मला कुठे लावताय?" बायकोने विचारलं.

"तुझी तपासणी अजून चालू आहे."

"बरं आहे. परत पाठवायला आता माहेरही उरलं नाही."

घोडामैदान जवळ आलं. गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर नापासराव, बायको आणि व्याही सकाळीच पोचले. व्याहींनी घडीची खुर्ची मांडली आणि पिशवीतून कारखान्याचं जुनं नापासपत्रकाचं पॅड काढलं. वीस वर्षं जपून ठेवलेलं असावं. त्यांनी पेनाचं टोपण उघडून ठेवलं. नापासरावांनी लोखंडी सळईवर रॉकेट चढवलं, खालच्या मोटरीच्या तोंडावरचं लेबल काढून तिथे पेटवणीची तार खोचली आणि लांब जाऊन बटणावर बोट ठेवलं. ते बोट दोनदा मागे आलं. दुसऱ्याची वस्तू तपासताना असं कधी झालं नव्हतं.

बटण दाबलं. फुस्स झालं, आणि रॉकेट सुटलं! सरळ, सुतात, एका मिलिमीटरचाही फरक न करता वर गेलं. नापासरावांना इतका आनंद झाला की तो त्यांना ओळखूच आला नाही. छातीत काहीतरी बिघडलंय असं वाटलं. व्याहीसुद्धा खुर्चीतून उठले.

वर धूर संपला. खालची नळी गळून पडली. आता वरचीचा धूर दिसणार. एक. दोन. तीन. वरची नळी क्षणभर थांबली, मान वळवली आणि नाक खाली करून जशी गेली तशी परत आली. थाडकन मातीत रुतली.

"मोटर खराब," ते लगेच म्हणाले. "दुकानदाराने जुनी दिली. शिवाय वर वारा होता. छत्रीचा तो टाका..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली.

व्याही गुडघे सांभाळत गेले, नळी उपटली, चष्मा कपाळावर सरकवून तिच्या आत डोकावले. मग त्यांनी ती नापासरावांसमोर धरली.

वरच्या मोटरीच्या तोंडावर एक गोल काजळी बसली होती. नापासरावांनी अंगठ्याने पुसली. खालून चांदी चमकली. "तपासले." खाली त्यांचीच सही, वळणदार.

बत्तीस वर्षं लेबल चिकटवणारे ते होते. सोलायला समोर नेहमी कुणीतरी फिटर असे. या वेळी दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली होती, आणि त्या माणसाला फक्त चिकटवायची सवय होती.

आणि मग त्यांना ती दुपार आठवली. तपासणीच्या खोलीत फिटरने यायचं नाही, हा नियमही त्यांचाच. बारा व्हॉल्व्हांच्या तोंडावर सकाळी मापं तपासून त्यांनी स्वतः लेबलं लावली होती. दुपारी दार आतून लावून, एकट्याने, त्याच तोंडांवर बारांचीही झाकणं आवळून पाणी सोडलं होतं. फिटर बाहेर उभा होता. मग लेबलं सोलली कुणी? वीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. त्यांना मान वर करायची लाज वाटली.

व्याहींनी पॅड पुढे केलं. "लिहा कारण."

पत्रकावर सात कारणं आपापल्या चौकोनांसह छापलेली होती: माप, वजन, तडा, गंज, गळती, रंग, कारागिराची इतर चूक. नापासरावांनी सातही वाचली. मग खाली मोकळ्या जागेत पट्टी न लावता आठवा चौकोन काढला. वाकडा आला. त्यापुढे लिहिलं: "लेबल आत राहिले. चूक तपासनीसाची."

शेवटी "नग" असा रकाना होता. तिथे पेन जरा थांबलं. मग त्यांनी लिहिलं: "तेरा."

"तेरा कसे?" बायको वाकून बघत म्हणाली. "रॉकेट तर एकच आहे."

व्याही पाठ फिरवून चष्मा पुसत होते, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.