ममताचा निळा कोट

मी ममताचा कोट बोलतोय. लुधियानाच्या कारखान्यात मला शिवलं, पण अंगावर घालण्याजोगं केलं ते तिच्या आईनं, तुळसाबाईनं. यवतमाळला हिवाळ्यात गरम कपड्यांची दुकानं लागतात, तिथून मला घेतलं आणि घरी येताच ती म्हणाली, अस्तर पातळ आहे. मारेगावात ती ब्लाऊज शिवते. आपलं एक मऊ सुती लुगडं फाडून तिनं मला आतून दुसरं अस्तर लावलं.

ममताच्या कॉलेजात पदवीचं एक सत्र परदेशात शिकायची सोय नव्यानंच झाली होती. फिनलंडच्या विद्यापीठात शिकायचं, तिथले गुण इथल्या पदवीत धरायचे. पहिली निवड ममताची झाली. तिकडे तळ्यावर बर्फ धरलेला, आणि दुपारीच अंधार. मला घालून ती प्रयोगशाळेत जायची, वाटेत एकटीच गुणगुणायची.

मग ताप आला आणि छातीत उतरला. दवाखान्याची गाडी तिला घाईनं घेऊन गेली. मी खुंटीवरच राहिलो. खोलीचं दार पुन्हा उघडलं ते अनोळखी माणसांनी, तिचं सामान बांधायला.

मारेगावला मी कपाटात गेलो. मे महिन्यात घराचे पत्रे तापायचे, आणि तुळसाबाई कपाट उघडून माझी बटणं लावायची, कॉलर वर करायची. हळूच विचारायची, "थंडी वाजून राह्यली का वं?"

खरं सांगतो, त्या उन्हातही मला थंडी वाजायची.

ममतानंतर तिकडे जायला कोणी तयार होईना. विद्यापीठानं कळवलं, यंदाही कोणी आलं नाही तर ही सोय बंद करू. बोरी अरब गावची पायल ममताच्या मागच्या वर्गात होती. तिला जायचं होतं. पण तिचे बाबा म्हणाले, ममताची आई हो म्हणाली तरच पाठवीन.

पायल आली आणि नुसतीच बसून राहिली. ती कशाला आली ते तुळसाबाईला कळलं असावं. तिनं चहा दिला. बऱ्याच वेळानं उठून मला बाहेर काढलं, पायलच्या अंगावर घातलं, पाठीवरून हात फिरवला. तो हात मध्येच थांबला.

"खांदे तिच्याएवढेच हायेत," एवढंच ती बोलली.

अशानं मी पुन्हा त्या बर्फात आलो. पहिल्याच आठवड्यात मागून हाक आली, "ममता!" पायल वळली. प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या बाई होत्या. पायलचा चेहरा बघून त्या पायरीवरच खाली बसल्या. दोन दिवसांनी दुसऱ्या कोणीतरी तशीच हाक मारली. त्यानंतर पायलनं मला घातलंच नाही. दोन स्वेटर चढवून जायची, कुडकुडत परत यायची. मग ती खोकू लागली. खुंटीवरून मी ऐकत होतो. असा खोकला मी आधी ऐकला होता.

तुळसाबाईनं तो व्हिडिओ कॉलवर ऐकला. पायलच्या मागं भिंतीवर मी लटकलेला तिला दिसला. घातला काहून नाही, असं तिनं विचारलं.

"मावशी, तो घातला का लोक मले ममता म्हणतात. मले भेव वाटते."

तुळसाबाई फोनच्या पडद्याजवळ आली.

"म्हणू दे ना, बाई. तिथं तिचं नाव घेणारं कोणी हाय, हे मले कुठं मालूम होतं? हाक आली तर ओ देत जाय."

दुसऱ्या दिवशी पायलनं मला घातलं. बाई नुसत्याच बघत उभ्या होत्या, तर हीच आपणहून त्यांच्यापाशी गेली. मग त्या ममताबद्दल सांगत राहिल्या: कशी हसायची, तळ्याचं पाणी तपासताना काय गायची. पायलनं ते सगळं मारेगावला फोन करून सांगितलं. तुळसाबाई रोज नवं काही विचारू लागली.

पायलचा खोकला गेला. सत्र पार पडलं, गुण पदवीत धरले गेले, आणि ही सोयही टिकली. निघताना ती मला बॅगेत भरू लागली, तर तुळसाबाई फोनवर म्हणाली, "आणू नको वं. घरी आला का मी पुन्हा त्याच्याशीच बोलत बशीन."

म्हणून मी आता इथंच आहे, प्रयोगशाळेच्या दाराशी. आपल्या जिल्ह्यातून तुम्ही कोणी आलात तर मला खुशाल घाला. खिशात हात घातल्यावर मात्र दचकू नका. तिथं ममताची बोटं अजून आहेत, आणि ती गरम आहेत.