वाहत्या पाण्याचा रविवार

माझ्या मैत्रिणीला, मेधाला सगळं माहीत असतं. हे मी चेष्टेने म्हणत नाही, खरंच माहीत असतं, आणि त्याचाच वैताग येतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिने एका संस्थेचं काम अंगावर घेतलं. जॉर्डनमध्ये अडकलेल्या इराकी निर्वासितांच्या मुलांना ही संस्था हृदयाच्या ऑपरेशनसाठी सिंगापूरला आणायची. पोरं बरी होऊन परत जायची, पण तोवर त्यांना घरात ठेवून घ्यायला माणसं हवी असायची. आमच्यासारख्या त्या माणसांसाठी मेधाने मरीन परेडच्या आपल्या काँडोतली फंक्शन रूम घेतली आणि 'इराकी पाहुण्यांची संस्कृती आणि धर्म' यावर दोन तास आमचं बौद्धिक घेतलं.

सलाम कसा करायचा, बाईशी पुरुषाने हात मिळवायचा नाही, मांस हलालच आणायचं, नमाजासाठी चटई द्यायची, मक्केची दिशा दाखवायची. सगळं पडद्यावर, मुद्द्यांसकट. आता मीही काही अर्धवट काम करणारी नाही. गेलांगला जाऊन हिरवी मखमली चटई आणली आणि पाहुण्यांच्या खोलीत छताला मक्केच्या दिशेचा बाण चिकटवला. माझा नवरा निशिकांत जुरोंग आयलंडवर रिफायनरीत आहे, त्याने तो बाण वर मान करून बघितला आणि म्हणाला, "आमच्याकडे आग लागल्यावर कुठून पळायचं त्याचा असाच असतो."

"तू गप्प बस," मी म्हटलं.

लमिया आणि तिची आठ वर्षांची अनहार एका बुधवारी आमच्या आंग मो किओच्या फ्लॅटवर आल्या. लमिया असेल बत्तीस-तेहेतीसची. बगदादला शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. पण ती बोलेल तर ना! चटई दाखवली, "थँक यू, मॅडम." बाण दाखवला, "थँक यू, मॅडम." अनहारचे ओठ जांभळे, नखं जांभळी, चार पावलं टाकली की खाली बसायची. तिचं ऑपरेशन सोमवारी होतं. रविवारी सकाळी अकराला दाखल करायचं आणि आईने संमतीची सही करायची, इतकं सरळ होतं सगळं.

पण दोन दिवसांत मला काहीतरी खटकायला लागलं. चटईची घडी मोडलीच नाही. मुद्दाम मागवलेल्या हलाल चिकनला मायलेकींनी हात लावला नाही, वरणभात आणि भाजी मात्र मनापासून खाल्ली. आणि काकडी असो की सफरचंद, लमिया ते नळाखाली धरून तीन वेळा धुवायची, मी धुतलेलं असलं तरी. दुसरी कुणी असती तर माझं डोकं फिरलं असतं. पण माझ्या सासूबाईंचं सोवळं मी बावीस वर्षं सांभाळलंय. स्वच्छतेसाठी धुणं वेगळं आणि हे धुणं वेगळं, एवढं मला कळतं. मेधाला फोन केला तर ती म्हणाली, "प्रवासाने पोट बिघडलं असेल. तू उगाच खोलात शिरू नकोस."

शुक्रवारी मेधा स्वतः गाडी घेऊन आली आणि दोघींना मशिदीत घेऊन गेली. लमियाने निमूटपणे डोक्याला रुमाल बांधला. परत आल्या तेव्हा अनहारच्या हातात कुणीतरी प्रेमाने दिलेल्या खजुरांची पिशवी होती, आणि लमियाचा चेहरा मात्र पांढराफटक. रात्री ती जेवली नाही.

शनिवारी सकाळी मेधा फॉर्मवरच्या सूचना समजावायला आली, तेव्हा लमिया शांतपणे म्हणाली, "ऑपरेशन नको. आम्ही परत जातो."

मी चहाचा कप खाली ठेवला. "परत? कशासाठी?"

"आता नको. मी सही करू शकत नाही."

आता म्हणजे कधी? डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, ही पोर आणखी एक वर्ष काढणार नाही. सोमवारची जागा सोडली तर ती दुसऱ्या मुलाला जाणार, आणि गुरुवारचं विमान या दोघींना अम्मानला परत नेणार. तिथे काय होणार हे लमियालाही ठाऊक होतं. मेधाने मला स्वयंपाकघरात ओढलं. "नशिबावर सोडून देतात हे लोक. माझ्या व्याख्यानात होतं बघ ते."

"तुझं व्याख्यान गेलं खड्ड्यात," मी म्हटलं. "आई आहे ती. पोरीचे पाय चेपत रात्रभर जागी असते. ती नशिबावर सोडून देईल?"

मेधा तणतणत निघून गेली. मला राग आला की घरात बसवत नाही, मी भाजी आणायला जाते. अनहारला माझ्या लेकीजवळ, गार्गीजवळ ठेवलं आणि लमियाला म्हटलं, चल.

बाजारात माझी नेहमीची भाजीवाली चिनी बाई. मला बघून ओरडली, "आंटी! दीपावली येतेय! शेवगा स्वस्त! तुम्हा तमिळ लोकांना आवडतो!"

झालं! आधीच माझं टाळकं सरकलेलं. "किती वर्षं सांगतेय तुला? मी तमिळ नाही! महाराष्ट्रीयन! म-हा-रा-ष्ट्री-यन!"

"सेम सेम लाह," तिने इथल्या रीतीप्रमाणे शेवटी 'लाह' जोडलं.

"सेम सेम कसलं? भाषा वेगळी, जेवण वेगळं, दिवाळी वेगळी! तमिळ लोक चांगले आहेत, पण मी त्यांच्यातली नाही! उद्या मी तुला जपानी म्हटलं तर चालेल?"

सगळा बाजार बघायला लागला. भाजीवाली हसत होती, आमचं हे दर वर्षीचं आहे. शेवगा घेतलाच मी, आवडतो म्हणून. वळून बघते तर लमिया हसत होती. मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी घाबरले. तिला शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, एका टेबलाशी बसवलं आणि लिंबाचं सरबत आणलं.

"तुम्ही इतक्या मोठ्याने सांगता," ती म्हणाली, "की मी अमुक नाही, मी तमुक आहे. भर बाजारात. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती? त्यात भ्यायचं काय?"

तिने इकडेतिकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आम्ही मुसलमान नाही. आम्ही मंदाई आहोत."

मी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. मग ती सांगत गेली आणि मी, आश्चर्य म्हणजे, गप्प बसून ऐकत गेले. इराकमधला फार जुना, फार लहान धर्म. पैगंबर याह्या, नदीत स्नान देणारा. त्यांचं सगळं देवकार्य वाहत्या पाण्यात, पांढऱ्या कपड्यांत, उत्तरेकडे तोंड करून, आणि त्यांचा वार रविवार. मांस त्यांच्याच रीतीने कापलेलं चालतं, म्हणून चिकन नको. तिचा नवरा सोनार होता. गुंडांनी आधी खंडणी मागितली, ती मिळाल्यावरही त्याला मारलं. तेव्हापासून अम्मानच्या चाळीत ती मुसलमान म्हणून राहत होती. कुणी विचारलं की मान हलवायची, एवढं तिने पोरीलाही शिकवलं होतं.

"मशिदीतल्या बायका फार चांगल्या होत्या," ती म्हणाली. "त्यांनी अनहारसाठी दुवा मागितली. खोटी मीच होते तिथे. आता त्या पोरीचं काळीज उघडणार. ती तीन वर्षांत वाहत्या पाण्यापाशी गेलेली नाही. अशीच, न धुतलेली, खोट्या नावाने गेली तर तिचा आत्मा वाट कशी ओलांडणार? त्या कागदावर मी सही कशी करू?"

माझे डोळे भरून आले. आणि संतापही आला, मेधाचा, त्या बाणाचा, त्या मखमली चटईचा. बिचारी चार दिवस आमच्या पाहुणचाराखाली गुदमरत होती.

"तुमचा पुजारी लागतो का त्याला?" मी विचारलं.

"मोठ्या स्नानाला लागतो. पण तीन बुड्या आपल्या आपण घेता येतात. फक्त पाणी वाहतं हवं. या शहरात नदी कुठे आहे?"

"नदी?" मी उठलेच. "माझ्या घराजवळ आहे!"

बिशानच्या पार्कमधून नदी जाते. पूर्वी ती सिमेंटच्या गटारासारखी होती, गेल्याच वर्षी सरकारने काठ फोडून मोकळी केली होती. दगड, गवत, खळखळ पाणी, पोरं पाय बुडवून बसतात. घरी आल्यावर मी आधी हॉस्पिटलच्या नर्सला फोन केला. ती ठामपणे म्हणाली की मुलीने नदीत उतरायचं नाही, परवा ऑपरेशन आहे. ओला हात कपाळाला लावला तर चालेल, नंतर हॉस्पिटलने दिलेल्या साबणाने धुवा. हे लमियाला कसं सांगावं? एरवी मी सांगूनच टाकलं असतं, असं असं करू या म्हणून. या वेळी म्हटलं, "नर्स असं म्हणतेय. तुमच्यात हे बसतं का? बसत नसेल तर दुसरं काही शोधू."

लमियाने अनहारचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "बुड्या मी घेईन. तिच्या कपाळाला तीनदा पाणी लावीन. देवाला आजारी मूल कळतं."

लमियाच्या बॅगेत तळाशी तिचा पांढरा झगा होता. अनहारचा तीन वर्षांत आखूड झालेला. मी निशिकांतचा पाडव्यासाठी आणलेला कोरा पांढरा सदरा काढला आणि बाह्या कापल्या.

"अगं, माझा पाडवा!" तो ओरडला.

"पाडव्याला बनियनवर बस," मी म्हटलं. तो हसला आणि स्वतःच बाहीचे दोरे काढायला बसला. पलीकडे लमिया अनहारला बाजारातलं माझं भांडण 'लाह'सकट करून दाखवत होती.

रविवारी उजाडताच आम्ही नदीवर. गार्गीने फोनवर उत्तर दिशा शोधली. लमिया पांढऱ्या झग्यात कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणत पहिली बुडी घेतली. एवढ्यात चालायला आलेले एक चिनी आजोबा धावत आले. "आंटी! कॅनॉट! इथे पोहायचं नाही!"

"पोहत नाहीये, अंकल. प्रार्थना चाललीय. पाच मिनिटं द्या," मी कमरेवर हात ठेवून मधे उभी राहिले.

त्यांनी त्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं, दगडावर बसलेल्या जांभळ्या ओठांच्या पोरीकडे बघितलं. मग पाठ फिरवली आणि मागून येणाऱ्या लोकांना हाताने पलीकडच्या वाटेने घालवायला लागले. लमियाने तीन बुड्या घेतल्या, ओल्या हाताने अनहारच्या कपाळाला तीनदा पाणी लावलं. अनहार डोळे मिटून हसत होती.

अकराला हॉस्पिटलच्या काउंटरवर मेधा आधीच हजर. लमियाला विचारून तिला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ती नुसतं म्हणाली, "मला आधी कुणी सांगितलंच नाही गं."

"तू कुणाला विचारलंस?" मी म्हटलं. ती लमियाजवळ गेली आणि सरळ "सॉरी" म्हणाली. मेधाचा हा शब्द मी वीस वर्षांत ऐकला नव्हता.

काउंटरवरच्या बाईने विचारलं, "धर्म? मुस्लिम ना?"

लमियाने माझ्याकडे बघितलं. मग ती ताठ उभी राहिली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "नाही! मंदाई! मं-दा-ई!" आणि पेन ओढून तिने सही केली.

ऑपरेशन झालं. सहा तास मी आणि मेधा एका बाकावर बसून भांडलो, तेवढाच वेळ गेला. बुधवारी आम्हाला आत सोडलं. अनहारचे ओठ गुलाबी! मी त्या ओठांकडे बघतच राहिले. नर्स सलाईन बदलता बदलता माझ्याकडे बघून सहज म्हणाली, "आंटी, तुम्ही तमिळ ना?"

मी तोंड उघडण्याआधीच गादीवरून बारीक पण ठसक्यात आवाज आला.

"नो लाह! महाराष्ट्रीयन!"