जनरलसाहेबांच्या काखेतली टोपी

मित्रांनो, या देशाची सरहद्द माझ्यामुळे सुरक्षित राहिली. म्हणजे सरहद्दीवर मी फारशी गेले नाही. पण जनरल नीलकंठरावांच्या टकलाला ऊन लागू दिलं नाही, एवढं नक्की. मी त्यांची जुनी लष्करी टोपी. छावणीतल्या एका म्हाताऱ्या शिंप्यानं मला शिवलं, लाल पट्टी लावली आणि "जपा, साहेब" म्हणाला.

फौजेचा नियम आहे, डोक्यावर टोपी नसेल तर सलाम नाही. या नियमावर साहेबांनी सारी कारकीर्द उभी केली. सरकार पक्कं असलं की मी डोक्यावर. मग मंत्र्याच्या रिकाम्या गाडीलाही सलाम. सरकार डळमळलं की मी काखेत. कोणाला सलाम नाही, कोणाचा अपमान नाही. निवडणुका मी काखेतच काढल्या, म्हणून माझा आकार हा असा. तरी माणूस प्रेमळ. मला ब्रश स्वतः मारायचे, अर्दलीला हात लावू द्यायचे नाहीत.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि निवृत्त साहेब आपल्या गावी परतले. माजी सैनिकांच्या नव्या मंडळाचं अध्यक्षपद त्यांना फार हवं होतं. मंत्री तुळशीरामजींनी शब्दही दिला. पण त्यांचंच मंत्रिपद गेलं आणि तिथं देवीदासजी आले.

"फिकर नको करू, विनोदिनी," साहेब बायकोला म्हणाले, "मी दोघायचाही आहो."

देवीदासजींचा सत्कार गोल बाजारात ठरला. साहेबांनी मला डोक्यावर चढवलं आणि मंडपाबाहेर उभे राहिले. गाड्यांचा ताफा वळणावर दिसला, तेवढ्यात समोरून तुळशीरामजी आले. पायी. हातात नवा कुकर. कालचे त्यांचे कार्यकर्ते एकदम भांड्यांच्या दुकानांकडे पाहू लागले; एकानं तर तवा वाजवून पाहिला.

मला वाटलं, आता काख. पण साहेब वळले, टाच आपटली आणि तुळशीरामजींना कडक सलाम ठोकला. पाठीमागून ताफा मंडपात गेला, अध्यक्षपदासकट.

"काहून जी?" घरी विनोदिनीबाई कडाडल्या. "त्याची खुर्ची तं गेली न!"

"हव. पण त्याच्याकडे कोणी पाहूनच नव्हतं राहिलं."

बाईंनी साहेबांना पुन्हा भात वाढला.

त्यानंतर साहेबांना कुठल्या सत्काराचं बोलावणं आलं नाही. मी स्वयंपाकघरात, खुंटीवर असते. मित्रांनो, जुन्या टोप्या जपा. बाई माझ्यात कांदे ठेवतात, त्याला हरकत नाही. लसूण तेवढा नको.