बिनपट्टीच्या तीन सिगारी

त्या सकाळी बायकोनं शेगडीवरचं दुधाचं उकळतं पातेलं नुसत्या हातानं उचललं, ओट्यावर ठेवलं आणि हूं की चूं केलं नाही. नाक्या समोर चहा पीत बसला होता. त्यानं कप खाली ठेवला.

"अगं, भाजलं नाही का?"

"घट्टे पडलेत हाताला, भाजायचंय काय त्यात? आवरा तुम्ही, उशीर होतोय."

घट्टे होते, खोटं नाही. पण तिच्या उजव्या अंगठ्यावर बघता बघता फोड उठत होता आणि तिचं आपलं साखरेचा डबा शोधणं चाललं होतं.

नाक्या हे नाव काही त्याच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. तो सिगारच्या कारखान्यात चाखणारा होता, आणि कुणाच्याही मालाला आधी नाक मुरडत असे, म्हणून वळणाऱ्या बायकांनी वैतागून ठेवलेलं. बायको तिथंच, वळण्याच्या दालनात, खिडकीजवळच्या टेबलावर बसायची. तिला सगळे वहिनी म्हणत आणि नाक्याचा राग वहिनीवर काढत. कारखान्यातल्या सिगारी म्हणजे साधासुधा माल नव्हे. लोक त्या लाकडी पेटीत जपून ठेवायचे, एखाद्या मोठ्या आनंदाच्या दिवशीच बाहेर काढायचे. अशा सिगारीतून धूर नीट आला नाही तर कारखान्याची अब्रू जायची. म्हणून नियम कडक होता. एका हंगामात जिची सिगार दोनदा नापास, तिचं टेबल गेलं. मग तळघरात बसून पानांचे देठ काढायचे. तिथं तंबाखूची धूळ अशी की धडधाकट माणूसही खोकून बेजार व्हावा. आणि वहिनीची छाती आधीच नाजूक, जिना चढली तरी दम लागायचा. त्या हंगामात ती एकदा नापास झालेली होती.

चाखायच्या खोलीत नाक्या शिरला तेव्हा मुकादमानं बशीत तीन सिगारी मांडून ठेवल्या होत्या. एकीवरही वळणारीच्या नावाची कागदी पट्टी नव्हती. कुठली कुणाच्या टेबलावरून उचलली, ते फक्त मुकादमाला ठाऊक, आणि त्याच्या तोंडाला कायमचं कुलूप. पण पट्टी नसली म्हणून काय झालं? प्रत्येक वळणारीचा हात वेगळा. कुणी पानं दाबून भरते, कुणी सैल. ते झुरक्यात कळतं. नाक्याला बायकोचा हात कळायचा, आणि आजवर त्याला त्याचा केवढा अभिमान! आज मात्र ती बशी बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बसा की," मुकादम म्हणाला. "घाम कसला आलाय एवढा?"

"जिना चढलो ना भराभर."

पहिली सिगार त्यानं नाकाखाली फिरवली. टोक कापलं, न पेटवताच एक झुरका घेऊन बघितला, मग काडी जराशी लांब धरून, सिगार हळूहळू फिरवत पेटवली. धूर गिळायचा नसतो, नुसता तोंडात खेळवायचा. भाजलेल्या बदामाची चव आली, मागून किंचित मिरीचा झणका. राख पांढुरकी, घट्ट. नाक्याचा जीव क्षणभर थाऱ्यावर आला. "पास," तो म्हणाला.

दुसरी ओठांत धरली आणि तो थबकला. हा हात ओळखीचा होता. तोंडाशी पान जरा सैल, पहिला झुरका अलगद, आणि गोडवा लगेच न येता थोडा थांबून आलेला. दुसरं कुणी असं वळतच नाही, असं तो पैजेवर सांगत आला होता. आणि ही सिगार बिघडलेली होती. एका बाजूनं भराभरा जळत गेली, दुसरी बाजू तशीच न जळता राहिली, धूर गरम होऊन जिभेला चावू लागला. त्याला सकाळचं पातेलं दिसलं. तळघर दिसलं, आणि तिथं तोंडाला पदर लावून खोकणारी बायको दिसली. त्याला भयंकर भीती वाटली. सिगार त्यानं फिरवून धरली, जळकी बाजू मुकादमाला दिसू नये म्हणून.

"पास," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

मुकादमानं फक्त मान डोलावली. पण ती डोलावताना तो आपल्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, असं नाक्याला वाटलं. चोराच्या मनाला काय, काहीही वाटतं.

तिसरी सिगार म्हणजे नुसतं लाकूड. ओढता ओढता गाल आत गेले तरी धूर येईना, आणि आला तो कडवट. असा दाबून भरणारा हात त्याच्या ओळखीचा नव्हता. असेल कुणीतरी नवखी. नाक्याला तेवढ्यातल्या तेवढ्यात बरं वाटलं. इथं कडक राहता येत होतं; आधीचं पाप झाकलं जाणार होतं.

"ही काय सिगार आहे?" तो जरा मोठ्यानंच म्हणाला. "नापास!"

नापास सिगार चाखणाऱ्यानं स्वतः दालनात न्यायची, आणि वळणारीनं ती सगळ्यांदेखत चिरून चूक दाखवायची, अशी तिथली रीत. मुकादम पुढं, बशी घेऊन नाक्या मागं. दालनात शिरताच सगळ्यांचे हात थांबले. ज्या टेबलापाशी मुकादम थांबेल तिचं नशीब. तो नवख्यांच्या रांगेपाशी थांबेल असं नाक्यानं धरलं होतं. मुकादम ती रांग ओलांडून गेला. पुढची ओलांडली. खिडकीच्या बाजूला वळला, तसा नाक्या मागं रेंगाळू लागला.

खिडकीपाशी दोनच टेबलं. एकावर वहिनी, शेजारी तिची धाकटी बहीण, नाक्याची मेहुणी. तिला हे काम वहिनीनंच हाताला धरून शिकवलेलं. मेहुणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या चेहऱ्याकडे बघताना नाक्याला सगळं उमगलं. दुसरी सिगार हिची होती. बहिणीचा हात हिनं जसाच्या तसा उचलला होता.

मुकादम वहिनीपुढं थांबला.

"मुकादम, थांबा. माझीच चूक झाली, मी परत चाखून—" नाक्या पुढं झाला.

"चूक कसली हो?" वहिनी म्हणाली. तिनं बशीतली सिगार घेतली, पातं घेतलं आणि सिगार उभी चिरली. आत पानांचा पीळ गाठीसारखा बसलेला. अंगठ्याला कळत नाही म्हणून ती सारा जोर लावून दाबत आली होती. तिनं गाठ सगळ्यांना दाखवली.

"ताई, रक्त!" मेहुणी ओरडली.

पातं अंगठ्यात शिरलं होतं. वहिनीनं ते बघितलं, तेही आपला अंगठा नसल्यासारखं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मेहुणीनं फडकं गुंडाळलं. वहिनी नवऱ्याकडे बघत होती. रागावलेली नव्हती, पण घाबरलेली होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "माझा हात ओळखला होतात ना?"

ओळखला म्हणावं, तर जाणूनबुजून तळघरात ढकलल्यासारखं होत होतं. नाही म्हणावं, तर तिचा हात तिचा राहिलाच नव्हता. तिची नजर हलेना.

"ओळखला," तो म्हणाला. "न ओळखून कसं चालेल?"

तिनं सुटकेचा श्वास सोडला. "तरी म्हटलं," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं टेबल आवरायला लागली.